‘नीट लावलेले’ म्हणजे ‘सारखे लावलेले’ नव्हे

माननीय संपादक,

सविनय नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत अठराव्या शतकातील जर्मन संगीतकार योहान सेबास्टियान बाख याच्या फ्यूगवरील लेख वाचला. मराठी दैनिकात या विषयाला अर्धे पान मिळाले, याचा मला मनापासून आनंद झाला. मात्र त्या लेखातील दोन विधाने चुकीची आहेत, आणि ती तशीच वाचकांच्या मनात राहिली तर या संगीताकडे जाण्याची वाटच चुकेल, म्हणून हे पत्र लिहीत आहे. पहिले विधान असे की, सप्तकाचे बारा सारखे भाग पाडणारी आजची पियानोची ट्यूनिंगपद्धत योग्य आहे हे सिद्ध करण्यासाठी बाखने ‘वेल-टेम्पर्ड क्लेविअर’ हा आपला चोवीस प्रिल्यूड (फ्यूगआधीच्या प्रास्ताविक रचना) आणि फ्यूग यांचा संग्रह रचला. दुसरे असे की, फ्यूग ही गणिती बांधणी असल्यामुळे ती कोणत्याही लयीत वाजवली तरी तिच्या मूल्यात फरक पडत नाही, वेग वाढेल तसे वादकाचे कौशल्य तेवढे अधिक दिसते. मी मिरजेत राहते, गेली अनेक वर्षे नाट्यसंगीताला ऑर्गनची साथ करते, आणि तीन वर्षांपासून तीन आवाजांची एक फ्यूग लिहिण्याचा प्रयत्न करीत आहे. त्या प्रयत्नात मला जे उमगले ते या दोन्ही विधानांच्या नेमके उलट आहे.

ज्यांना फ्यूग परिचित नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. फ्यूगमध्ये एक छोटी सुरावट सुरुवातीला एकटीच येते, तिला ‘विषय’ म्हणतात. ती संपताच दुसरा आवाज तीच सुरावट पंचमावरून उचलतो, हे ‘उत्तर’. त्या वेळी पहिला आवाज गप्प बसत नाही, तो उत्तराच्या सोबतीने नवी सुरावट गाऊ लागतो. मग तिसरा आवाज पुन्हा षड्जावरून येतो, आणि पुढे हे सगळे आवाज अखेरपर्यंत समान अधिकाराने चालतात. आपल्याकडे गायक आणि साथीदार असे नाते असते, इथे प्रत्येक आवाज गायकही असतो आणि साथीदारही. हे सारे एका माणसाच्या दहा बोटांनी करायचे असते, आणि अडचण तिथूनच सुरू होते.

बाखच्या त्या संग्रहाच्या पहिल्या भागातील, पांढरी एकमधली (पाश्चात्य ‘सी’मधली) मायनर, म्हणजे कोमल गंधाराची, फ्यूग घ्या. अवघ्या 31 मात्राखंडांची (‘बार’ची), तीन आवाजांची ही रचना आहे. तिचा विषय आपल्या सरगमीत सुरू होतो तो असा: सा नि सा, मग खाली मंद्र पंचमावर उडी, तिथून कोमल धैवत, आणि पुन्हा सा नि सा रे. आता उत्तर पंचमावरून द्यायचे, म्हणजे प्रत्येक स्वर पाच पायऱ्यांनी वर न्यायचा. सा-नि-सा चे होते प, तीव्र म, प. त्यापुढच्या पंचमाच्या जागी खरे तर रिषभ यायला हवा. बाख तिथे रिषभ घेत नाही, षड्ज घेतो. एकच स्वर बदलतो, पण त्या एका स्वरामुळे उत्तर घर सोडून दूर जात नाही, षड्ज आणि पंचम एकमेकांना धरून राहतात. सा-प ला प-सा असे उत्तर मिळते. षड्ज-पंचम भाव आपल्या रक्तात असल्यामुळे ही जागा मराठी कानाला समजावून सांगावी लागत नाही, एकदा सरगम म्हणून दाखवली की पुरते. मी माझ्या पहिल्या मसुद्यात हा विचार न करता सरळ रिषभ ठेवला होता, आणि चौथ्याच मात्राखंडात माझी फ्यूग अशा पट्टीत जाऊन बसली की तिथून तिला परत आणताना तीन पाने वाया गेली.

विषय रचणे म्हणजे सुंदर चाल सुचणे एवढेच नव्हे. चाल सुंदर असूनही तिच्यावर तिचेच दुसरे रूप चढेल का, ती उलटी केल्यावर उभी राहील का, दुप्पट संथ केली तर ओळखू येईल का, हे सगळे आधी तपासावे लागते. मुलगा कार्ल फिलिप इमानुएल याने वडिलांविषयी लिहून ठेवले आहे की, दुसऱ्या कोणाची फ्यूग ऐकताना विषयाचे पहिले प्रवेश झाले की बाख लगेच सांगे, या विषयातून पुढे काय काय काढता येईल आणि रचनाकाराने काय काढायला हवे. तसे खरोखरच घडले की आनंदाने शेजारी उभ्या असलेल्या मुलाला कोपरखळी मारी. शिकवताना तो विद्यार्थ्यांना फ्यूगची सुरुवात दोन आवाजांपासून करायला लावी, हेही त्याच मुलाने नोंदवले आहे. मी थेट तीन आवाजांवर उडी घेतली, आणि त्याचे फळ मला मिळाले: वरची सुरावट खाली आणि खालची वर अशी अदलाबदल करायला गेले तेव्हा जिथे जिथे मी दोन आवाजांत पंचमाचे अंतर ठेवले होते तिथे तिथे ते मध्यमाचे झाले. खालच्या सुराशी उघडे पडलेले मध्यमाचे अंतर या शैलीत विसंवादी मानले जाते. सहा ठिकाणी दुरुस्ती करावी लागली. तेव्हापासून मी शेवटाकडची गुंफण, म्हणजे एक आवाज विषय संपवायच्या आत दुसरा तोच विषय सुरू करतो ती जागा, सर्वांत आधी लिहून पाहते. ती जमत असेल तरच विषय ठेवते, नाहीतर फाडून टाकते. त्याच संग्रहातील पहिल्या, मेजर (शुद्ध गंधाराच्या) फ्यूगमध्ये 27 मात्राखंडांत विषय 24 वेळा येतो, आणि तो स्वतःवरच इतका घट्ट चढत जातो की मध्ये श्वास घ्यायला जागा उरत नाही. असा विषय नशिबाने सापडत नाही, तो तपासून तपासून घडवावा लागतो.

आता लयीकडे वळते, कारण लेखातील दुसरे विधान मला जास्त टोचले. संग्रहाच्या पहिल्या भागात बाखने लयीच्या सूचना जवळजवळ कुठेच दिलेल्या नाहीत. मोजक्या प्रिल्यूडमध्ये ‘प्रेस्टो’, ‘अडाजिओ’, ‘अलेग्रो’ किंवा ‘अंदांते’ असे शब्द आहेत. फ्यूगपैकी फक्त शेवटच्या, बी मायनरमधल्या फ्यूगवर ‘लार्गो’, म्हणजे फार संथ, असे लिहिलेले आहे. तिच्या विषयात सप्तकातले बाराही स्वर येतात, दोन-दोन स्वरांच्या जोड्या उसाशासारख्या खाली उतरतात, आणि त्या उतरणीचा प्रत्येक टप्पा कानाने पचवायला वेळ लागतो. ती सूचना नसती तरी जाणता वादक तिथे सावकाशच गेला असता. बाकीच्या तेवीस फ्यूगांवर काही लिहिलेले नाही, त्याचा अर्थ लय वाऱ्यावर सोडली होती असा मुळीच नाही. त्या काळचा वादक तालाच्या चिन्हावरून आणि रचनेतल्या सर्वांत बारीक स्वरांवरून लय ओळखत असे. बाखचा शिष्य किर्नबर्गर याने पुढे आपल्या ग्रंथात हे सविस्तर मांडले आहे: प्रत्येक तालाला स्वतःची स्वाभाविक गती असते, आणि मोठ्या मूल्यांचे स्वर तिला जड करतात, बारीक स्वर हलकी करतात. बासरीवादक क्वान्त्स याने 1752 साली याहून व्यवहारी उपाय सुचवला होता, तो म्हणजे मनगटावरची नाडी, मिनिटाला सुमारे 80 ठोके. मेट्रोनोम, म्हणजे लयीचे ठोके देणारे यंत्र, तेव्हा नव्हताच. मेल्झेलने त्याचे पेटंट घेतले ते बाखच्या मृत्यूनंतर सहा दशकांहून अधिक काळाने. 1837 साली बीथोव्हेनचा शिष्य चेर्नी याने या संग्रहाची जी आवृत्ती काढली तिच्यात प्रत्येक रचनेवर मेट्रोनोमचे आकडे छापले, आणि ते आकडे बीथोव्हेनच्या वादनाच्या आपल्या आठवणीवर आधारलेले आहेत असे त्यानेच सांगितले. तो बहुमोल दस्तऐवज आहे, पण ती बाखची लय नव्हे, हे अनेक शिक्षक विसरतात.

या बाबतीत माझा सर्वांत मोठा आधार मोझार्ट आहे. एप्रिल 1782 मध्ये त्याने बहिणीला एक प्रिल्यूड आणि फ्यूग पाठवली आणि सोबतच्या पत्रात कळवले की, फ्यूगवर आपण मुद्दाम ‘अंदांते माएस्तोसो’ (सावकाश, भारदस्त चालीत) लिहिले आहे, कारण ती फार जलद वाजवली जाऊ नये. फ्यूग सावकाश वाजवली नाही तर विषय कुठे प्रवेश करतो हे कानाला स्पष्ट कळत नाही आणि सगळा परिणाम निघून जातो, असे त्याचे म्हणणे होते. त्या पत्रात आणखी एक गोष्ट आहे, जी मला फार जवळची वाटते: फ्यूग त्याने मनात आधी पूर्ण केली होती आणि ती कागदावर उतरवता उतरवता तो प्रिल्यूडचा विचार करीत होता. ज्याच्या बोटांना वेगाची काहीच अडचण नव्हती तो माणूस फ्यूग हळू वाजवा म्हणतो, यापेक्षा वेगळी साक्ष कशाला हवी?

याचा अर्थ सगळ्या फ्यूग विलंबितात गेल्या पाहिजेत असा मी काढत नाही. वर सांगितलेली पांढरी एकमधली मायनर फ्यूग फार रेंगाळली तर तिच्या विषयातले ते छोटे ठसकेदार सा-नि-सा मरगळून जाते. त्याच भागातील पाच आवाजांची सी शार्प मायनर फ्यूग मात्र लांब लांब स्वरांच्या विषयावर उभी आहे, ती 115 मात्राखंड चालते आणि पुढे तिच्यात आणखी दोन सुरावटी येऊन मिळतात. तिथे लय ठरवताना सुरुवातीच्या संथ स्वरांकडे पाहून चालत नाही, नंतर येणाऱ्या वाहत्या सुरावटीला कोणती चाल पेलेल ते पाहावे लागते. डी शार्प मायनरच्या फ्यूगमध्ये विषय शेवटाकडे दुप्पट लांबीने येतो. लय इतकी संथ घेतली की तो लांबवलेला विषय तुटून सुटे स्वर उरले, तर फ्यूगचा कळस हरवतो, आणि इतकी जलद घेतली की भोवतालचे आवाज चिरडले गेले, तरीही हरवतो. मधली जी अरुंद जागा उरते, तीच त्या फ्यूगची लय. माझ्याकडे शिकणाऱ्या एका मुलीला एका परीक्षेत ‘वेग कमी आहे’ असा शेरा मिळाला. तिने मधल्या आवाजातला प्रत्येक प्रवेश स्वच्छ ऐकवला होता, त्याबद्दल मात्र एकही ओळ नव्हती. मला याचे फार वाईट वाटले, कारण आमच्यासाठी तोच तर अभ्यासाचा विषय होता.

आता ट्यूनिंग, म्हणजे लेखातील पहिले विधान. हा भाग थोडा किचकट आहे, पण तंबोरा लावलेल्या माणसाला तो अवघड जाऊ नये. शुद्ध पंचम लावा, म्हणजे सा आणि प एकमेकांत विरघळून जातील असा. त्या पंचमावरून पुढचा पंचम लावा, आणि असे बारा वेळा केले की आपण फिरून षड्जावर यायला हवे. येत नाही. सात सप्तके वर जाऊन पोहोचतो तेव्हा षड्ज सुमारे साडेतेवीस सेंटने चढलेला असतो, म्हणजे अर्ध्या स्वराच्या जवळजवळ पाव हिश्श्याने. निसर्गाने ठेवलेली ही फट कुठेतरी जिरवावीच लागते. ती बाराही पंचमांत सारखी वाटून टाकली की आजचा पियानो आणि आजची पेटी मिळते. तिच्यात पंचम जवळजवळ शुद्ध राहतो, दोन सेंटने उतरतो एवढेच, पण शुद्ध गंधार सुमारे चौदा सेंटने चढा लागतो. आपल्या गवयांची पेटीबद्दलची जुनी तक्रार याच गंधाराची आहे, आणि 1940 पासून काही दशके आकाशवाणीने हार्मोनियमला जी बंदी घातली तिच्या कारणांतही हे बांधलेले सूर होते. पण फट वाटण्याचा हा एकच मार्ग नाही. आंद्रेआस वर्कमायस्टर या जर्मन ऑर्गनवादकाने 1691 साली जी पद्धत छापली तिच्यात फक्त चार पंचम किंचित उतरवायचे असतात, पांढरी एकपासून चढत जाणारे तीन आणि पांढरी सातपासूनचा एक. बाकीचे आठही शुद्ध राहतात. त्यामुळे पांढरी एकचा गंधार शुद्धाच्या अगदी जवळ येतो, आणि काळ्या पट्ट्यांवरचे काही गंधार चांगलेच चढे होतात. प्रत्येक पट्टी वाजवता येते, पण प्रत्येक पट्टीचा चेहरा वेगळा असतो.

बाखच्या संग्रहाच्या 1722 सालच्या मुखपृष्ठावर, जेव्हा तो क्योथेनच्या दरबारात होता, ‘वोलटेम्पेरिर्ट’ असा जो जर्मन शब्द आहे त्याचा अर्थ ‘नीट लावलेले’ एवढाच होतो. ‘सारखे विभागलेले’ असा तो होत नाही, आणि ज्या पद्धतीत चोवीसही पट्ट्या वाजवण्याजोग्या असतील अशी कोणतीही पद्धत त्या शब्दात बसते. बाखच्या मृत्युलेखात लिहिले आहे की तो आपले हार्पसिकॉर्ड (पियानोच्या आधीचे, पट्ट्यांनी तारा छेडणारे वाद्य) असे लावी की सगळ्याच पट्ट्या मधुर वाटत. 1802 साली चरित्रकार फोर्केलने भर घातली की हे काम तो स्वतःच करी आणि त्याला पाव तासापेक्षा जास्त वेळ लागत नसे. किर्नबर्गरने सांगितल्याचा हवाला देऊन संगीतशास्त्रकार मार्पुर्गने 1776 साली छापले की, बाखने आपल्याला सगळे मेजर गंधार चढेच लावायला सांगितले होते. मार्पुर्ग समान विभागणीच्या बाजूचा होता आणि ही गोष्ट त्याने पुरावा म्हणून वापरली, हे मी लपवत नाही. पण ‘सगळे गंधार चढे’ आणि ‘सगळे गंधार सारखेच चढे’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि वर्कमायस्टरच्या पद्धतीतही एकूण एक मेजर गंधार कमी-अधिक चढाच असतो. 2005 साली हार्पसिकॉर्डवादक ब्रॅडली लेहमन यांनी मुखपृष्ठाच्या माथ्यावरील वेलांट्यांत बाखची ट्यूनिंग दडलेली आहे असा अर्थ लावला. त्यावर आजही वाद आहे आणि मला तो अर्थ पटलेला नाही, पण अभ्यासक अजून शोधत आहेत एवढे तरी त्यावरून दिसते. ज्या प्रश्नाचे उत्तर ठरलेले नाही ते ठरल्यासारखे छापू नये, एवढेच माझे म्हणणे.

हे सर्व मी पुस्तकात वाचले होते, पण कळले ते ऑर्गनवर. माझ्याकडे साथीच्या ऑर्गनखेरीज आणखी एक जुना, पाच सप्तकांचा ऑर्गन आहे. तो वर्षानुवर्षे बंद पडून होता. भाते नवे घातले, आणि गावातल्या एका कारागिराला विनंती केली की याचे रीड वर्कमायस्टरच्या पद्धतीने लावून द्यावेत. त्यांनी कागद पाहिला, काळ्या पट्ट्यांचे आकडे बोटाने मोजले आणि म्हणाले, ‘‘ताई, काळी एकचा गंधार उभा राहील. गवई बसणार नाही याच्यावर.’’ ते अगदी खरे बोलले. काळी एक, काळी तीन आणि काळी चार, म्हणजे आपल्या गायकांच्या नेहमीच्या पट्ट्यांपैकी तीन, या पद्धतीत सर्वांत चढ्या गंधाराच्या ठरतात. म्हणूनच साथीचा ऑर्गन मी आजच्या पद्धतीतच ठेवला आहे. ही अडचण आपल्या भागाला नवी नाही. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी अब्दुल करीम खाँसाहेबांच्या साहाय्याने आपले सूर मोजून 1910 साली पुस्तक लिहिले, आणि अर्नेस्ट क्लेमंट्स या ब्रिटिश न्यायाधीशांबरोबर श्रुती हार्मोनियमचा ध्यास घेतला. त्यांना एकाच षड्जाशी सगळे सूर जुळायला हवे होते. बाखच्या काळच्या कारागिरांना चोवीस षड्ज सांभाळायचे होते. दोघेही निसर्गाने ठेवलेल्या अशाच फटींशी झुंजत होते.

दोन दिवस ते काम चालले. रीडचे टोक कानशीने किंचित घासले की सूर चढतो, मुळाशी घासले की उतरतो, आणि एकदा घासलेले भरून येत नाही, म्हणून कारागीर दर दोन-तीन घासण्यांनंतर रीड परत बसवून ऐकत. शुद्ध पंचम लागतो तेव्हा दोन सुरांमधली थरथर हळूहळू संथ होत होत थांबते. भौतिकशास्त्राच्या पुस्तकात तिला विस्पंद म्हणतात, मी लाटा म्हणते. मध्य सप्तकातल्या पांढरी एक आणि पांढरी तीन एकदम दाबल्या तर आजच्या पेटीवर सेकंदाला दहाच्या आसपास लाटा येतात. या ऑर्गनवर त्या तीनवर आल्या. मी ते दोन सूर बराच वेळ नुसते धरून बसले होते. माझी फ्यूग पांढरी एकमध्ये मायनर आहे, पण शेवट जुन्या रीतीप्रमाणे मेजर स्वरसंहतीवर, म्हणजे एकदम वाजणाऱ्या सुरांच्या ‘कॉर्ड’वर होतो, आणि तो शेवट त्या दिवशी पहिल्यांदा खरोखर विसावला.

पण त्याच ऑर्गनने माझी एक जागा मोडून काढली. मध्यभागी मी कोमल धैवताला षड्ज मानून एक संहती दोन मात्रा धरून ठेवली होती. वर्कमायस्टरच्या पद्धतीत तिथला गंधार सर्वांत चढ्या तीन गंधारांपैकी एक आहे, सेकंदाला सुमारे तेरा लाटा. त्या दोन मात्रा ऐकवेनात. मग मी ती संहती सोडवली, तिचे सूर बारीक चालत्या स्वरांत विखरून टाकले, आणि खडबडीतपणा जवळजवळ नाहीसा झाला. कारण साधे आहे: स्वर पाव सेकंदच टिकला तर कानाला दोन-तीनच लाटा मिळतात, आणि तेवढ्यावरून कान तक्रार करीत नाही. संग्रहातील सी शार्प मेजरचे, म्हणजे काळी एकचे, प्रिल्यूड दोनच आवाजांचे आणि सतत धावणारे आहे, तर पांढरी एकच्या पहिल्याच प्रिल्यूडमध्ये एकेक संहती पूर्ण मात्राखंडभर उलगडत राहते. हे मला पूर्वी केवळ स्वभावातील वैविध्य वाटायचे. आता त्यामागे वाद्य लावणारा कान मला दिसतो. बाखच्या सगळ्या रचना या एका नियमात बसतात असा दावा मी करणार नाही, कारण ई फ्लॅट मायनरचे प्रिल्यूड काळ्या पट्ट्यांवर असूनही संथ आणि भरदार संहतींचे आहे. पण रचना, लय आणि ट्यूनिंग ही तीन वेगवेगळ्या दिवशी करायची कामे नाहीत, हे मला त्या दोन मात्रांनी पटवून दिले. ट्यूनिंग बदलली म्हणून मला स्वर बदलावे लागले, स्वर बारीक झाले म्हणून लय ढळली: आधी मी मिनिटाला 92 धरली होती, त्या वेगात नव्या बारीक स्वरांखाली मधल्या आवाजाचा प्रवेश बुडून जाऊ लागला, म्हणून 72 केली, आणि सध्या 63 वर आहे.

ज्यांच्याकडे असा जुना ऑर्गन नाही त्यांनाही हे ऐकता येईल. आजच्या बऱ्याच डिजिटल पियानोंमध्ये वर्कमायस्टर आणि किर्नबर्गर यांच्या पद्धती आधीच भरून ठेवलेल्या असतात, सेटिंगमध्ये जाऊन निवडायच्या एवढेच. पुणे-मुंबईत आणि गोव्यात पियानो शिकवणाऱ्या शिक्षकांना माझी विनंती आहे की, विद्यार्थी एखादी फ्यूग बसवत असेल तेव्हा एकदा तरी हे बटण दाबून तीच फ्यूग, तिच्या मूळ पट्टीत, दोन-तीन लयींत वाजवून घ्यावी आणि त्याला काय ऐकू आले ते विचारावे. आजची समान विभागणी वाईट आहे असे मी म्हणत नाही. माझी उपजीविका तिच्यावर चालते आणि पियानोचे मोठे साहित्य तिच्याशिवाय उभेच राहिले नसते. पण ती सर्वमान्य झाली ती पुढे, एकोणिसाव्या शतकात हळूहळू, आणि तिचे श्रेय किंवा ओझे 1722 च्या मुखपृष्ठावर टाकणे योग्य नाही.

तेव्हा पुढील रविवारच्या पुरवणीत कृपया एवढी दुरुस्ती छापावी की बाखने आपल्या संग्रहाला ‘नीट लावलेल्या’ वाद्याचा संग्रह म्हटले आहे, ‘सारख्या लावलेल्या’ वाद्याचा नव्हे. लेखकांना या विषयात रस आहे हे उघड आहे. ते कधी मिरजेला आले तर दोन्ही ऑर्गन शेजारी-शेजारीच ठेवलेले आहेत. शेवटची संहती आधी एकावर आणि मग दुसऱ्यावर धरून त्यांना ऐकवीन. सव्विसाव्या मात्राखंडातल्या एका मध्यमावर माझे अजून समाधान झालेले नाही, तिथे त्यांचे काय मत पडते तेही विचारीन.

आपली नम्र,
एक ऑर्गनवादक वाचक,
मिरज